व्हेंटिलेटरवरील रुग्ण आणि डॉक्टरांचे भाकीत

‘एकदा व्हेंटिलेटर लावला की रुग्ण त्यावरून सुटत नाही’, असा समज सर्वसामान्यांत रूढ आहे. सीओपीडी या दीर्घकालीन श्वसनविकाराच्या गंभीर रुग्णांबाबत तो काही प्रमाणात डॉक्टरांमध्येही आढळतो. फुप्फुसे आधीच झिजलेली, वय सत्तरीच्या घरात, रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्याने रुग्ण ग्लानीत गेलेला. अशा वेळी घशातून नळी घालून कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करावा की केवळ त्रास कमी करणारे उपचार द्यावेत, हा निर्णय थोड्या अवधीत घ्यावा लागतो. तो घेताना रुग्ण जगण्याची शक्यता डॉक्टर मनोमन अजमावत असतात. हा अंदाज कितपत खरा ठरतो?

ब्रिटनमध्ये याची पद्धतशीर पाहणी झाली. ९२ अतिदक्षता विभाग आणि श्वसनविकारांचे ३ विशेष विभाग यांत सीओपीडी किंवा दमा बळावल्याने दाखल झालेल्या, ४५ वर्षे व त्यावरील वयाच्या ८३२ रुग्णांचा मागोवा घेण्यात आला. हा रुग्ण १८० दिवसांनी हयात असेल काय, याबाबतचा डॉक्टरांचा अंदाज आधीच नोंदवून ठेवला होता. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डॉक्टरांच्या मते ४९ टक्के रुग्ण जगायला हवे होते. प्रत्यक्षात ६२ टक्के जगले. ज्यांच्याविषयी सर्वाधिक निराशा होती, त्या एकपंचमांश रुग्णांत तर अंदाज १० टक्क्यांचा होता आणि जगले ४० टक्के!

या निराशेला कारणे आहेत. बरा होऊन घरी गेलेला रुग्ण अतिदक्षता विभागातील डॉक्टरांना पुन्हा क्वचितच दिसतो; दिसतो तो पुन्हा अत्यवस्थ होऊन आलेला. शिवाय ‘वाचणार नाही’ म्हणून ज्याला व्हेंटिलेटर नाकारला तो दगावतो आणि भाकीत खरे ठरल्याचा भास होतो. ही चूक उघडकीस यायला वावच राहत नाही.

वास्तविक अशा रुग्णात व्हेंटिलेटरचे मुख्य काम थकलेल्या श्वसनस्नायूंना विसावा देण्याचे असते. तेवढ्या अवधीत प्रतिजैविके, स्टेरॉइड व श्वासनलिका रुंदावणारी औषधे आपले काम करतात. बळावण्याचे कारण जंतुसंसर्गासारखे तात्पुरते असेल, तर रुग्ण पूर्वस्थितीच्या जवळपास येऊ शकतो. मात्र मूळ रोग तसाच राहतो. अमेरिकेत १,०१६ गंभीर सीओपीडी रुग्णांच्या पाहणीत (१९९६) रुग्णालयात ११ टक्केच दगावले, पण दोन वर्षांत हे प्रमाण ४९ टक्क्यांवर गेले. आयुर्मर्यादेशी ज्या गोष्टींचा संबंध आढळला, त्यांत वयाबरोबरच आजारापूर्वीची हालचाल, वजन, रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि हृदयविकार यांचा समावेश होता. म्हणजे, महिन्यापूर्वी रुग्ण स्वतः आंघोळ करीत होता काय, हा साधा प्रश्नही मोलाचा ठरतो.

गुणांकन पद्धतीही आहेत. १९८५ मधील ‘अपाचे-२’ ही पद्धत १२ शारीरिक मापने, वय व जुने आजार यांवरून गुण देते. अशा पद्धतीने शंभरांपैकी किती वाचतील ते बऱ्यापैकी सांगता येते. खाटेवरचा रुग्ण त्यांपैकी एक आहे काय, हे नाही. जुने आकडे वापरतानाही सावधगिरी हवी. मुखवट्याद्वारे श्वास देण्याच्या पद्धतीमुळे १९९५ च्या एका युरोपीय चाचणीत नळी घालण्याची गरज ७४ वरून २६ टक्क्यांवर, तर मृत्यूचे प्रमाण २९ वरून ९ टक्क्यांवर आले. त्यामुळे आज नळीपर्यंत पोहोचणारे अनेक रुग्ण मुखवट्याने न सावरलेले असतात. शिवाय आपल्याकडे चुलीच्या धुराने फुप्फुसे निकामी झालेल्या, आयुष्यात विडीला न शिवलेल्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. ब्रिटनचे आकडे त्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

ब्रिटनच्या त्याच पाहणीतील, १८० दिवसांनंतर हयात असलेल्या ज्या रुग्णांना विचारण्यात आले, त्यांपैकी ७३ टक्क्यांनी आपले जीवनमान पूर्वीइतकेच किंवा अधिक चांगले असल्याचे सांगितले. पुन्हा तशीच वेळ आली तर हेच उपचार घेऊ, असे ९६ टक्के म्हणाले. अर्थात, हे मत वाचलेल्यांचे आहे.

म्हणून अनेक तज्ज्ञ ठरावीक मुदतीचा प्रयत्न सुचवितात. काही दिवस पूर्ण उपचार करायचे, प्रतिसाद पाहायचा आणि मग नातेवाइकांशी बोलून पुढचे ठरवायचे. कृत्रिम उपचार कधी थांबवावेत याविषयी आगाऊ इच्छापत्र करण्याची मुभा भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने मिळाली असून, त्याची प्रक्रिया २०२३ मध्ये सुलभ झाली आहे. नळी घातल्यावर रुग्णाला बोलता येत नाही. त्याची इच्छा विचारायची ती त्याआधीच, शक्यतो तो घरी बरा असताना.