वेड्या प्रश्नांची शहाणी उत्तरे

घरातल्या मुलाने विचारावे, "जगातल्या सगळ्या माणसांनी एकदम उडी मारली तर पृथ्वी हलेल का हो?" आणि वडील माणसाने म्हणावे, "काहीतरी विचारू नकोस. जा, पाढे म्हण!" हा संवाद बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा झालेला असतो. त्या उत्तराने मूल गप्प बसते. पण त्याबरोबर आणखीही काही गप्प बसते, असे आम्हांस वाटते. ते काय, हे सांगण्यासाठी एका विनोदी शास्त्रीय पुस्तकाची ओळख करून देतो.

रँडल मन्रो हे अमेरिकन लेखक पदार्थविज्ञान शिकलेले. काही काळ 'नासा'मध्ये यंत्रमानवांवर काम करून पुढे ते व्यंगचित्रांत रमले. २०१४ साली त्यांचे 'व्हॉट इफ?' हे पुस्तक निघाले. 'असे झाले तर?' एवढाच त्या नावाचा अर्थ. वाचकांनी पाठविलेले तऱ्हेवाईक प्रश्न घ्यावयाचे आणि अगदी गंभीर चेहऱ्याने, गणित मांडून, त्यांची उत्तरे द्यावयाची, ही त्याची रीत. २०२२ साली त्याचा दुसरा भागही आला.

उडीचा प्रश्न या पुस्तकात आहे. त्याचे गणित आपणही करून पाहू. माणसे ८ अब्ज. प्रत्येकाचे वजन सरासरी ५० किलो धरले, तर सर्वांचे मिळून ४० कोटी टन होते. पृथ्वीचे वजन म्हणजे ६ वर २१ शून्ये, इतके टन. म्हणजे ती आपणा सर्वांहून सुमारे १५ लाख कोटी पट जड. आपण ३० सेंटिमीटर उंच उडालो, तर पृथ्वी तितक्याच पटीने कमी सरकणार: एका अणूच्या रुंदीच्या सुमारे ५ हजाराव्या भागाइतकी! आणि आपण खाली येताच तीही पूर्वपदावर येणार. मन्रो येथे थांबत नाहीत. उडीसाठी त्यांनी सारी मानवजात अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात गोळा केलेली असते. पृथ्वीला काही होत नाही. खरा अनर्थ होतो तो सर्वांना घरी परतायचे असते तेव्हा. आषाढीनंतरचे पंढरपूरचे एस. टी. स्थानक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगणे नलगे.

दुसरा प्रश्न पाहा. अणुभट्टीतील वापरलेले इंधन ज्या तलावात ठेवतात, त्यात पोहले तर? ऐकूनच अंगावर काटा येतो. पण पाण्याचा दर ७ सेंटिमीटरांचा थर किरणोत्सर्ग निम्म्यावर आणतो. निम्म्याचे निम्मे असे दहा वेळा करा. ७० सेंटिमीटरांवर हजाराव्या भागाहूनही कमी उरतो. म्हणून पृष्ठभागाजवळ पोहणाऱ्यास किरणांचे फारसे भय नाही. तळाशी बुडी मारून इंधनाला हात लावणाऱ्याची मात्र धडगत नाही. अर्थात पहारेकऱ्यांच्या गोळ्या चुकवून पाण्यापर्यंत पोचता आले, तर! भय कोठे बाळगावे आणि कोठे सोडावे, हे येथे ७ या एका आकड्याने सांगितले.

ही रीत नवी नव्हे. पुढे १९५७ साली भारतात येऊन येथलेच झालेले जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली एका निबंधात हजार यार्ड खोल खाणीत उंदीर टाकून पाहिला, अर्थात कल्पनेत! उंदीर अंग झटकून चालू लागतो. घोडा मात्र वाचत नाही. कारण प्राण्याची लांबी, रुंदी, उंची दहापट कमी केली, तर वजन हजारपट घटते, पण अंगाचे क्षेत्रफळ शंभरपटच घटते. त्यामुळे वजनाच्या मानाने हवेचा अडसर दहापट होतो.

असल्या प्रश्नांची गंमत हीच, की त्यांचे उत्तर कोणालाच पाठ नसते. "पाण्याचा उत्कलनबिंदू किती?" या प्रश्नाला घोकलेले उत्तर चालते. "सर्वांनी उडी मारली तर?" याला चालत नाही. तेथे पंडितालाही पहिल्या पायरीपासून चढावे लागते, आणि त्याचे पाऊल कोठे पडते हे आपणांस दिसते. हसत हसत आपण शास्त्राचे निष्कर्ष नव्हे, तर शास्त्राची चाल शिकतो.

ही चाल अंगी नसली की काय होते, ते आपण पाहिलेले आहे. १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही आली. जगबुडी होणार म्हणून देशभर होमहवने झाली, माणसे धास्तावली. त्या वेळी "ग्रह एका राशीत आले, तर पृथ्वीला किती ओढ बसेल?" एवढे विचारून पाटीवर गणित मांडावयाचे होते. अगदी जवळ आलेला शुक्रसुद्धा भरतीची जी ओढ लावतो, ती चंद्राच्या ओढीच्या १० हजाराव्या भागाइतकीही नसते. आज अष्टग्रही नसली तरी अफवा आहेतच, आणि त्या पूर्वीपेक्षा वेगाने घरात शिरतात.

तेव्हा मुलाने पुन्हा उडीचा प्रश्न विचारला, तर त्याला हाकलू नये. कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बसवावे. पाढे त्याला म्हणावे लागतीलच. पण या वेळी ते कशासाठी, हे त्याला ठाऊक असेल.