हाड आणि त्याची जागा

मराठवाड्यातल्या आमच्या मुकुंदवाडीत विहीर खणा की बोअर मारा, माती आणि मुरूम संपला की काळा पाषाणच लागतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि ही भूमी घडली. डायनोसॉर नामशेष झाले तेही त्याच सुमारास. पण लाव्हाच्या दगडात हाडे टिकत नाहीत. ती शोधायची तर लाव्हाखाली दबलेला, नदी-तळ्यांच्या गाळाचा थर उघडा पडलेला हवा. लमेटा या नावाने ओळखला जाणारा तो थर चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या परिसरात वर आला आहे. पिसदुरा आणि डोंगरगाव ही तिथली दोन गावे जगभरच्या जीवाश्मशास्त्रज्ञांना ठाऊक आहेत.

ज्यांच्या नावाने नागपुरात आज महाविद्यालय आहे, त्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पिसदुऱ्यातून हाडे गोळा केली होती. इथले जीवाश्म शेतांतच मिळतात. नांगरट झाली किंवा पावसाने माती धुपली की ते वर येतात. शोधणारा माणूस मान खाली घालून सावकाश चालतो. दगडांच्या गर्दीत वेगळा रंग, वेगळी चकाकी दिसली की तो खाली बसतो. तुटलेल्या कडेवर बारीक छिद्रांची जाळी दिसली तर ते हाड असण्याचा संभव अधिक. काही जण तुकडा जिभेला लावून पाहतात. सच्छिद्र हाड जिभेला चिकटते. मग पावलं चढाकडे वळतात, कारण तुकडे पाण्याबरोबर खाली वाहतात आणि मूळ थर वरच्या अंगाला असतो.

तो मूळ थर का महत्त्वाचा, हे एका नावाच्या इतिहासातून कळते. जबलपूरला मिळालेल्या शेपटीच्या दोन मणक्यांवरून रिचर्ड लायडेकर यांनी 1877 मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ ही जाती नोंदवली. पुढे तसे मणके अनेक जातींत आढळले आणि 2003 मध्ये जेफ्री विल्सन व पॉल अपचर्च यांनी ते नाव शास्त्रीयदृष्ट्या निरुपयोगी ठरवले. सुट्या हाडाला आपला धनी सांगता येत नाही.

डोंगरगावला नेमके उलट घडले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या (आयएसआय) शास्त्रज्ञांना 1984 ते 1986 या काळात तिथे एकाच प्राण्याची अनेक हाडे एकत्र मिळाली. कवटी नव्हती; पण मान, पाठ, शेपटी आणि पुढच्या पायाची हाडे होती. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. विल्सन आणि अपचर्च यांनी 2003 च्या त्याच अभ्यासात त्याला संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीसॉरस’ हे नाव दिले. ते आजही टिकून आहे.

असे हाड जमिनीतून काढणे हे धीराचे काम आहे. आधी कुदळ, मग छिन्नी-हातोडा, शेवटी दाभण आणि कुंचला. भेगाळलेल्या भागावर पातळ केलेला डिंकासारखा द्रव सोडून तो घट्ट करतात. प्रत्येक हाडाला क्रमांक देतात, त्याची दिशा नोंदवतात, नकाशा आणि छायाचित्रे काढतात. मग सभोवती चर खणून हाड मातीच्या ओट्यावर उभे ठेवतात. त्यावर ओला कागद चिकटवतात, म्हणजे प्लास्टर हाडाला लागत नाही. वरून प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळतात. ते सुकले की ओटा खालून कोरत नेतात, हाड उलटवतात आणि दुसरी बाजूही तशीच बांधून घेतात.

प्रयोगशाळेत ते वेष्टण कापले की उरलेला दगड दाण्यादाण्याने निघतो. हवेच्या दाबावर चालणारी छोटी छिन्नी, सुई आणि सूक्ष्मदर्शक ही तिथली हत्यारे. दगड चुन्याचा असेल तर सौम्य आम्लही कामी येते. खणायला दिवस लागतात, साफसफाईला कित्येकदा वर्षे.

पिसदुऱ्याचे सर्वांत मोठे देणे मात्र हाडांचे नाही, डायनोसॉरांच्या विष्ठेचे आहे. दगड झालेल्या त्या गोळ्यांचे तुकडे आम्लात विरघळवून वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी वनस्पतींच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण वेगळे केले. त्यांत किमान 5 प्रकारच्या गवतांचे कण निघाले. ‘सायन्स’ नियतकालिकात 2005 मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि गवत डायनोसॉरांच्या नंतर आले ही समजूत मोडली. याच संशोधनाच्या पुढच्या टप्प्यात, 2011 मध्ये, भाताच्या कुळातल्या गवतांचाही माग लागला.

हे सारे राखायचे तर पहिली जबाबदारी शेतकऱ्याची, गुराख्याची आणि सहलीला जाणाऱ्या तुमची-आमची आहे. असा दगड दिसला तर तो खिशात घालू नका, घरी शोभेला ठेवू नका. आहे तिथेच त्याचे छायाचित्र घ्या, जागा टिपून ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागाला कळवा.