रोबोट मणक्याचे ऑपरेशन करतो का?

तीन-चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. सोमवारच्या ओपीडीत निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार आले. वय ५२. खुर्चीत एका बाजूवर कलून बसलेले, कारण सरळ बसले की डाव्या मांडीपासून पोटरीपर्यंत कळ जायची. सोबत पुतण्या होता. त्याने केसपेपरच्या आधी मोबाइल पुढे केला. व्हिडिओत एक यांत्रिक हात ऑपरेशन टेबलावर हळूच खाली येत होता.

"सर, काकांचं ऑपरेशन असं करायचं ठरलंय, रोबोटनं. डॉक्टरांचा हातच लागत नाही, त्यामुळे चूक होत नाही म्हणतात. पैशांसाठी अर्धा एकर काढायची तयारी केलीय. तेवढं तुमचं मत सांगा."

मी काकांना तपासले. पायाची ताकद शाबूत होती. लघवी-शौचावर ताबा होता. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी डावीकडे सरकून नस दाबत होती. दुखणे सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. म्हणजे काकांना तूर्त ऑपरेशनचीच गरज नव्हती. आणि पुढे गरज पडली असती, तरी त्या ऑपरेशनमध्ये रोबोटला फारसे काम नव्हते.

हे दुसरे वाक्य ऐकून पुतण्या गोंधळला. त्याच्यासारखे गोंधळलेले नातेवाईक आता दर आठवड्याला भेटतात. म्हणून हा लेख.

रोबोट नेमके काय करतो?

'रोबोटिक सर्जरी' म्हटले की यंत्र स्वतःच कापते, शिवते असे चित्र डोळ्यांसमोर येते. मणक्याच्या बाबतीत तसे नाही. इथे रोबोटचे मुख्य काम एकच: मणक्यात स्क्रू कोणत्या जागी आणि कोणत्या कोनात जायला हवा, ती दिशा धरून ठेवणे.

स्क्रू का लागतात? मणका पुढे घसरला असेल, मोडला असेल, कण्याला बाक आला असेल किंवा नस मोकळी करताना इतके हाड काढावे लागणार असेल की कणा डळमळीत होईल, तेव्हा दोन किंवा अधिक मणके स्क्रू आणि सळ्यांनी एकमेकांना जोडतात. हा स्क्रू मणक्याच्या मागच्या कमानीतून पुढच्या गोल भागात जातो. या दोन भागांना जोडणारा हाडाचा अरुंद पूल म्हणजे पेडिकल. कमरेच्या शेवटच्या मणक्यात त्याची रुंदी दीड सेंटिमीटरच्या आसपास असते, पण छातीच्या मधल्या मणक्यांत अनेकांमध्ये ती जेमतेम ४-५ मिलिमीटर भरते. पुलाच्या आतल्या बाजूला मज्जारज्जू किंवा नसा आणि मणक्याच्या पुढे मोठ्या रक्तवाहिन्या. स्क्रू बसवायला चूक करण्याइतकी जागा नसते ती अशी.

आता ऑपरेशन कसे होते ते पाहू. रुग्णाच्या कण्याचा सीटी स्कॅन संगणकात घेतला जातो. सर्जन पडद्यावर प्रत्येक स्क्रूची जागा, लांबी, जाडी आणि कोन ठरवतो. ऑपरेशनच्या वेळी रुग्णाच्या हाडात, बहुधा कंबरेच्या हाडात, एक छोटी खूण-पट्टी पक्की करतात. कॅमेरा त्या खुणेवरून रुग्ण नेमका कुठे आहे हे ओळखतो आणि स्कॅनमधला कणा टेबलावरच्या कण्याशी जुळवतो. मग यांत्रिक हात ठरलेल्या कोनात येऊन थांबतो. त्याच्या टोकाला नळी असते. त्या नळीतून हाडाला भोक पाडणे आणि स्क्रू पिळणे हे काम सर्जनच करतो. नसेवरचा दाब काढण्याचे, सर्वांत नाजूक काम तर आजही सर्जनच्या हातानेच होते.

सुताराला भोक पाडताना कोन चुकू नये म्हणून साचा लागतो. रोबोट हा तसाच, पण अत्यंत महागडा आणि हुशार साचा आहे. असा पहिला रोबोट इस्रायलमधल्या मेझर या कंपनीने बनवला आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला २००४ मध्ये परवानगी दिली. त्यानंतर यंत्रे बरीच सुधारली. आज आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत ती आहेत. माझ्या सरकारी रुग्णालयात रोबोट नाही. मी तो कार्यशाळेत हाताळला आहे आणि सहकाऱ्यांच्या ऑपरेशनमध्ये पाहिला आहे.

अचूकता वाढते, पण बरे वाटणे?

अचूकतेचे मोल मला ठाऊक आहे. अनेक वर्षांपूर्वी मी हाताने बसवलेला एक स्क्रू पुलाच्या आत सरकला. भूल उतरताच रुग्णाने पाय धरला. सीटी केला, त्याच दिवशी पुन्हा थिएटरमध्ये नेले, स्क्रू बदलला. सुदैवाने कळ गेली आणि ताकद राहिली. ती रात्र मी विसरलेलो नाही. असा प्रसंग टाळणारे यंत्र कुणाला नको असेल?

पण यंत्रही चुकते. २०१२ मध्ये जर्मनीतील डॉक्टरांनी सुरुवातीच्या पिढीतला रोबोट आणि हाताने बसवलेले स्क्रू यांची तुलना प्रसिद्ध केली. रोबोटच्या मदतीने ८५ टक्के स्क्रू योग्य जागी बसले, हाताने ९३ टक्के. हाडाच्या उतारावरून नळी घसरणे आणि यंत्राची पकड पक्की नसणे ही त्यामागची कारणे होती. नव्या यंत्रांनी हे दोष बरेच कमी केले. नंतरच्या अनेक अभ्यासांत रोबोटची अचूकता हातापेक्षा सरस आढळली आहे. तरीही ऑपरेशनदरम्यान त्या खूण-पट्टीला धक्का लागला, तर यंत्र पूर्ण आत्मविश्वासाने चुकीची जागा दाखवते. ते ओळखायला अनुभवी सर्जनच लागतो. यंत्र बंद पडले तर हाताने ऑपरेशन पूर्ण करणाराही तोच.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. स्क्रू अधिक अचूक बसला म्हणून वर्ष-दोन वर्षांनी रुग्णाचे दुखणे अधिक कमी होते किंवा तो अधिक चालतो, असे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. कारण उघड आहे. रुग्णाला बरे वाटणे हे नस मोकळी होणे, योग्य मणक्याची निवड, हाड जुळणे आणि मुळात ऑपरेशनचा निर्णय बरोबर असणे यावर जास्त अवलंबून असते. ज्या मणक्यात स्क्रू नकोच होता, त्यात तो कितीही अचूक बसवला तरी उपयोग काय?

फायदा कुणाला?

काही रुग्णांना रोबोटचा खरा उपयोग होतो. कण्याला मोठा बाक असलेली मुले, आधी ऑपरेशन झाल्यामुळे हाडांच्या नेहमीच्या खुणा पुसल्या गेलेले रुग्ण, पेडिकल फारच अरुंद असलेले रुग्ण, आणि छोट्या छेदांतून अनेक स्क्रू बसवायचे असतील असे रुग्ण. चौदा वर्षांच्या एका मुलीच्या आईला मी स्वतःहून सांगितले, की शक्य असेल तर जिथे यंत्र आहे आणि बाकाची ऑपरेशने नेहमी होतात, अशा ठिकाणी जा. तिच्या छातीतले काही पेडिकल ३ मिलिमीटरचे होते.

उलट, साधी गादी सरकली असेल तर ऑपरेशनमध्ये फक्त नस दाबणारा गादीचा तुकडा काढायचा असतो. तिथे सहसा स्क्रूच लागत नाहीत. उतारवयात नसांची वाट अरुंद होते, पण मणके स्थिर असतात, तेव्हाही अनेकदा वाट मोकळी करणे पुरते. मणक्याच्या क्षयरोगात बहुतेकांचा मुख्य उपचार औषधे हाच आहे आणि ती सरकारी यंत्रणेत मोफत मिळतात. आणि 'मणक्यात गॅप आलाय' हे काही ऑपरेशनचे कारण नव्हे. चाळिशीनंतर कोणताही त्रास नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही गादीची झीज दिसते.

गादी सरकून पायात येणारी कळ बहुतेकांमध्ये सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय कमी होते. तेवढे थांबूनही कळ असह्य असेल तर ऑपरेशन जरूर करावे. त्याने लवकर आराम मिळतो. मात्र लघवी अडकणे किंवा नकळत होणे, गुदद्वाराभोवती बधिरता, पाऊल उचलता न येणे किंवा पायाची ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काही झाले तर एक दिवसही थांबू नका. तेव्हा रोबोट शोधत शहरभर फिरू नका, मणक्याचे ऑपरेशन करणारे जवळचे रुग्णालय गाठा.

आधी, त्या दिवशी आणि नंतर

स्क्रूचे ऑपरेशन ठरलेच, तर रोबोट असो वा नसो, तयारी सारखीच. साखर आटोक्यात हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा; स्वतःहून बंद करू नका. बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री काही आठवडे आधीच सोडा. निकोटीनमुळे हाड जुळायला वेळ लागतो, कधी ते जुळतच नाही. रोबोटसाठी सीटी स्कॅन जास्तीचा करावा लागू शकतो.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, पालथे झोपवून होते. पाठीवर एका मोठ्या छेदाऐवजी काही छोटे छेद असू शकतात. कंबरेच्या हाडावर आणखी एखादी छोटी जखम दिसली तर घाबरू नका, ती खूण-पट्टीची असते. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर आधी पायाची बोटे हलवायला सांगतील. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी आधाराने चालवतात. सारे ठीक असेल तर तीन ते पाच दिवसांत घरी सोडतात. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात.

पायाची कळ सहसा आधी कमी होते. बधिरपणा जायला महिने लागतात आणि गेलेली ताकद सर्वांत सावकाश परत येते, कधी पूर्ण येत नाही. पाठीचे दुखणे काही आठवडे राहते. लक्षात ठेवा, स्क्रू फक्त मणके धरून ठेवतो. खरे जोडकाम आपले हाड करते आणि त्याला तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागते. तोवर पाण्याचा हंडा, सिलिंडर, खताची गोणी उचलायची नाही. खाली मांडी घालून बसणे, भारतीय पद्धतीचे शौचालय, खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी हे केव्हा सुरू करायचे ते विचारून घ्या. बैठे काम अनेकांना महिना-दीड महिन्यात जमते. शेतीच्या कष्टाच्या कामाला तीन महिने किंवा अधिक लागतात.

जंतुसंसर्ग, रक्तस्राव, नसेवरचे आवरण फाटणे, हाड न जुळणे हे धोके रोबोटमुळे नाहीसे होत नाहीत. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पोटरीला सूज, नवी बधिरता किंवा अशक्तपणा आल्यास लगेच दाखवा.

खर्च आणि प्रश्न

यंत्राची किंमत कोटींत असते आणि ती कुठेतरी बिलात उतरते. विमा नियामकाने रोबोटिक शस्त्रक्रियेचा समावेश अशा आधुनिक उपचारांत केला आहे, जे विमा कंपन्यांना पूर्णपणे वगळता येत नाहीत. पण त्यावर वेगळी मर्यादा घालायची त्यांना मुभा आहे. म्हणून पॉलिसीतली मर्यादा आधी पाहा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करणार असाल तर कोणता भाग योजनेत बसतो आणि वरचे पैसे पडतील का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच समजून घ्या.

डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारायला संकोचू नका. मला ऑपरेशन कशासाठी हवे? आणखी सहा आठवडे थांबलो तर काय बिघडेल? माझ्या ऑपरेशनमध्ये स्क्रू लागणार आहेत का? रोबोटमुळे माझ्या बाबतीत नेमका काय फरक पडेल आणि त्याचा जादा खर्च किती? तुम्ही या यंत्रावर अशी किती ऑपरेशने केली आहेत? चांगला सर्जन या प्रश्नांनी दुखावत नाही. आणि उत्तर 'रोबोट आहे ना, काळजी नको' एवढेच असेल, तर दुसरे मत जरूर घ्या.

काका दीड महिन्याने पुन्हा आले, या वेळी सरळ बसून. गोळ्या, थोडी विश्रांती, रोजचे चालणे आणि फिजिओथेरपी एवढ्यावर कळ बरीच उतरली होती. खरड छाटणी त्यांनी माणसे लावून उरकली. अर्धा एकर जागच्या जागी होता. सगळ्यांचेच असे होते असे नाही. त्याच दिवशी मी दुसऱ्या एका रुग्णाला ऑपरेशनची तारीख दिली.

निघताना पुतण्याने विचारले, "सर, मग तो व्हिडिओ खोटा होता का?"

"खोटा नव्हता," मी म्हणालो. "फक्त तो काकांच्या आजाराचा नव्हता."