मोटारबोटीच्या इंजिनास गोडें पाणी

मोटारगाडीचें इंजिन थंड राहावें म्हणून तिच्या पुढील भागांत पाण्याची जाळीदार टांकी बसविलेली असते, हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तेंच पाणी पुनःपुन्हां इंजिनाभोवतीं फिरतें आणि वाऱ्यानें निवतें. पुष्कळशा मोटारबोटींस एवढा खटाटोप करावा लागत नाहीं. ज्या पाण्यावर बोट तरंगते तेंच पाणी ती शोषून घेते, इंजिनांतून खेळविते आणि तापलें कीं परत समुद्रांत सोडून देते. सोय उत्तम खरी. परंतु समुद्राच्या दर लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. बोट चालूं आहे तोंवर ते पाण्याबरोबर येतात व पाण्याबरोबर जातात. बोट किनाऱ्यावर ओढली म्हणजे आंत उरलेलें पाणी आटतें आणि क्षार मागें राहतात.

पावसाळ्यांत स्वयंपाकघरांतील मिठाच्या बरणीची काय दशा होते, तें मुलांनीं आपल्या आईस विचारावें. हवेंतील ओल शोषून मीठ पाझरूं लागतें. इंजिनाच्या पोटांतील क्षारांचेंही तसेंच होतें. बोट महिनोन्महिने छपराखालीं कोरडी उभी आहे असें मालकास वाटतें, पण आंत धातूवर खाऱ्या ओलीचा लेप असतो आणि गंज आपलें काम करीतच असतो. म्हणून समुद्रांतून बोट बाहेर काढतांच तिच्या इंजिनांतून गोडें पाणी वाहवून क्षार धुऊन काढावे लागतात.

हें काम आउटड्राइव्ह नांवाच्या यंत्ररचनेंत कसें करतात, तें पाहूं. हींत इंजिन बोटीच्या आंत, मागील फळीस लागून असतें, आणि फळीबाहेर एक पाय खालीं सोडलेला असतो. पायाच्या टोंकास पंखा असतो. हा पाय डावीउजवीकडे वळतो व वर उचलतांही येतो. स्वीडनमधील व्होल्व्हो पेंटा कारखान्यानें १९५९ सालीं अशी रचना विक्रीस आणली, तेव्हांपासून सहलीच्या बोटींत तिचा मोठा प्रसार झाला. आपल्या कोंकण किनाऱ्यावर लहान होड्यांच्या मागें संबंध इंजिनच बाहेर टांगलेलें दिसतें. तें यंत्र निराळें, तरी त्याच्या पायाची ठेवण पुष्कळशी अशीच असते.

पाण्याच्या शोषणद्वाराचीं बारीक छिद्रें बहुधा या पायाच्या दोन्ही अंगांस असतात. बोट जमिनीवर असतां तीं उघडीं पडतात. त्यांवर दोन रबरी वाट्या दोहों बाजूंनीं चिमट्यानें दाबून बसवितात आणि एका वाटीस बागेंतील पाण्याची नळी जोडतात. मग नळ सोडावा, वाट्यांच्या कडांतून पाणी झिरपूं लागलेलें पाहावें, आणि तेव्हांच इंजिन सुरूं करावें. बंद करतांना क्रम उलटा: आधीं इंजिन, लगेच पाठोपाठ नळ.

हा क्रम इतका महत्त्वाचा कां? पाणी शोषणारा पंप म्हणजे एक रबरी चक्र असतें. त्याला लवचिक पातीं असतात. चक्र ज्या डबींत फिरतें तिच्या मध्यापासून तें किंचित् बाजूला बसविलेलें असतें. त्यामुळें प्रत्येक पातें एका अंगास दुमडतें व दुसऱ्या अंगास उलगडतें; उलगडतांना पाणी ओढलें जातें, दुमडतांना पुढें ढकललें जातें. पात्यांना वंगण म्हणून दुसरें कांहींच नसतें. पाणी हेंच त्यांचें वंगण. डबी कोरडी असली तर रबर धातूवर घांसून थोड्याच वेळांत करपतें.

याचा अनुभव मीं पदरीं घेतला आहे. मे महिन्याच्या सुटींत मालवणजवळ एका आप्तांकडे गेलों होतों. त्यांचा मुलगा पर्यटकांस होडींतून फिरवून आणतो. होडी वाळूवर होती. "काका, नवीन मशीनचा आवाज तर ऐका," असें म्हणून त्यानें पाहुण्याच्या कौतुकासाठीं तें कोरडेंच सुरूं केलें, आणि मीही मान डोलवीत ऐकत राहिलों. मिनिटाहून अधिक वेळ गेला नसेल. दुसऱ्या दिवशीं उतारू घेऊन निघाला असतां भर पाण्यांत इंजिन तापून धोक्याची शिटी वाजूं लागली व शेजारच्या होडीनें त्यास ओढून आणावें लागलें. उघडून पाहिलें तों पात्यांचे तुकडे पडलेले. ऐन हंगामांत तीन दिवसांची कमाई बुडाली. असे तुकडे पुढें जाऊन पाण्याच्या अरुंद वाटांत अडकतात; म्हणून नुसतें नवीन चक्र बसवून भागत नाहीं, जुन्याचा प्रत्येक तुकडा शोधून काढावा लागतो.

आतां धुण्याविषयीं. पुष्कळ लोक दोन मिनिटें पाणी सोडून कर्तव्य संपलें असें मानतात. परंतु इंजिनांत थर्मोस्टॅट नांवाची एक झडप असते. इंजिन थंड असतां ती मिटलेली राहते. खाऱ्या पाण्यानें थेट निवणाऱ्या इंजिनांत ती साधारण ६० अंश सेल्सिअसच्या सुमारास उघडते. ती उघडल्याखेरीज गोडें पाणी इंजिनाच्या गाभ्यांत नीट खेळत नाहीं. म्हणजे बाहेरच्या वाटा स्वच्छ होतात आणि जेथें क्षार अधिक घातक तेथें ते तसेच राहतात. म्हणून सुमारें दहा मिनिटें, किंवा बाहेर पडणारें पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, इंजिन मंद गतीनें चालूं ठेवावें. गति मिनिटास १५०० फेऱ्यांपेक्षां वाढवूं नये. नळीच्या पुरवठ्याहून पंपाची ओढ जास्त झाल्यास नळी चपटी होते व पंप पुन्हां उपाशी पडतो. तापमानाच्या कांट्यावरून नजर काढूं नये. पाय या वेळीं पूर्ण खालीं असावा, गिअर मोकळा असावा, पंख्याजवळ कोणीही उभें राहूं नये, मुलांनीं तर मुळींच नाहीं. आणि हें काम बंद छपरींत करूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायु विषारी असून त्यास वास नसतो.

पायावर जस्ताचे जे ठोकळे बसविलेले दिसतात, त्यांस मात्र हौसेनें रंग लावूं नये. खाऱ्या पाण्यांत दोन भिन्न धातु एकत्र आले म्हणजे त्यांतील एक झिजूं लागतो. अॅल्युमिनियमचा पाय वांचावा म्हणून जस्तास झिजूं देतात. सर हंफ्री डेव्ही यांनीं १८२४ सालीं इंग्रजी आरमाराच्या जहाजांवरील तांब्याचे पत्रे याच युक्तीनें वांचविले. तांबें वांचलें, पण न झिजणाऱ्या तांब्याचें विष पाण्यांत उतरेना, त्यामुळें जहाजांच्या तळांस शेवाळ व कालवें बिनधास्त चिकटूं लागलीं, आणि आरमारानें तो उपाय सोडून दिला!

धुऊन झाल्यावर रबरी वाट्या काढाव्या आणि पाय खालींच ठेवावा, म्हणजे आंतील उरलेलें पाणी आपोआप निथळून जातें.