नगररचनेचे शिक्षण आणि औद्योगिक पट्ट्याची गरज

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी या गावांचे रूप पालटू लागले. कारखान्यांमागोमाग कामगार आले, कामगारांमागोमाग वस्त्या उभ्या राहिल्या. नगरपालिका मात्र १९७० साली आणि नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झाले. चाकणमध्ये हाच क्रम पुन्हा दिसला. कांद्याच्या बाजारपेठेचे हे गाव मोटार उद्योगाचे केंद्र बनल्यावर, २०१५ साली तेथे नगरपरिषद आली. पुणे-नाशिक मार्गावरील वाहनांच्या रांगा हा त्या विलंबाचाच परिणाम म्हणावा लागेल.

हे अंतर भरून काढणारा तज्ज्ञ म्हणजे नगररचनाकार. नकाशावर रेघा ओढणारा मनुष्य, अशी त्याची समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती अपुरी आहे. आराखड्याआधी पाहणी हवी, असा आग्रह धरणारे पॅट्रिक गेडिस हे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. आजही विद्यार्थी लोकसंख्येचा अंदाज, जमिनीचा वापर, पाणीपुरवठा, वाहतूक, अर्थशास्त्र व कायदा यांचा एकत्रित अभ्यास करतात.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा त्यातील कळीचा विषय होय. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती व सूचना मांडता येतात. पिंपरी-चिंचवडच्या २०२५ मधील प्रारूप आराखड्यावर अशा हजारो हरकती आल्या. कोणाच्या शेतातून रस्ता, कोणाच्या घरावर आरक्षण! ज्याची उपजीविकाच त्या गट क्रमांकावर आहे, त्याला ही रंगीत रेघ क्षुल्लक कशी वाटावी? सातबारा वाचता येणारा, गावकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारा नगररचनाकार म्हणूनच मोलाचा ठरतो. असे तरुण या पट्ट्यातील गावांतूनच पुढे यावेत, हे स्वाभाविक आहे.

बारावीनंतर नियोजनाचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. स्थापत्य अभियांत्रिकी वा वास्तुशास्त्राच्या पदवीधरांना दोन वर्षांचा पदव्युत्तर मार्ग खुला आहे. पुण्यातील सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठात ही सोय आहे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत पदव्युत्तर शिक्षण मिळते.

शासनाच्या नगररचना विभागात सहायक नगर रचनाकाराची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. महानगरपालिका, औद्योगिक विकास महामंडळ व २०१५ साली स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांनाही हे मनुष्यबळ लागते. खाजगी सल्लागार संस्था व वाहतूक-अभ्यास यांतही वाव आहे.

शिक्षकांनी एक गोष्ट विद्यार्थ्यांना दहावीतच सांगावी. पदवी प्रवेशासाठी बारावीला गणित आवश्यक असते, आणि जेईई मुख्य परीक्षेत नियोजनाची प्रश्नपत्रिका स्वतंत्र आहे. अकरावीत गणित सोडलेल्या मुलाला ही माहिती फार उशिरा मिळते.