हिवाळ्यातला तळ : पुणे, १८०२

मराठी लष्कराची छावणी पडे ती पावसाळ्यात. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की फौजा मुलुखगिरीस निघत आणि हिवाळा परमुलखात जाई. १८०२ चा हिवाळा मात्र मला नेमका उलटा दिसतो. त्या वर्षी ऐन दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरे बाजीराव पळाले. होळकर पुढचे काही महिने पुण्यातच राहिले. मग फौजेने पोट भरायचे कशावर? शिलेदाराचे घोडे त्याचे स्वतःचे असे. ते मेले की चाकरी गेली. घोड्याला रोज चंदी-वैरण हवी आणि शिपायाचा पगार बहुधा थकलेला. पेंढारी तर मुख्यतः लुटीवरच जगत. म्हणून शहरातल्या सावकारांकडून सक्तीने पैसा वसूल झाला आणि भोवतालची गावे नागवली गेली. पुढे १८०३-०४ मध्ये पुणे प्रांतात भीषण दुष्काळ पडला. त्याचे खापर निव्वळ पावसावर फोडता येणार नाही, असे माझे मत आहे. यादवीत शिपायाला परमुलूख उरत नाही. त्याचे घोडे आपल्याच रयतेचा दाणा खाते.