वत्साचा वांटा

गेल्या दिवाळींत आमच्या नातीनें पानावरचें तूप नाकारलें. "आजोबा, मी आतां व्हीगन झालें," असें तिनें सांगतांच पंक्तींत क्षणभर स्तब्धता पसरली. मांसमत्स्य वर्ज्य असणें समजूं शकतें. परंतु जें तूप आम्ही अन्नशुद्धीसाठीं वाढतों तेंच निषिद्ध? मला राग आला, हें कबूल केलें पाहिजे.

हा शब्द १९४४ सालचा. डोनाल्ड वॉटसन हे इंग्लंडांतील सुतारकामाचे शिक्षक, म्हणजे आमच्याच पेशाचे. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'व्हेजिटेरियन' शब्दाचीं आद्य व अंत्य अक्षरें जोडून तो बनविला. प्रारंभीं भर आहारावर होता. आज दूध, अंडीं व मध यांबरोबर चामडें, लोकर आणि रेशीमही त्याज्य मानतात. मात्र शक्य व व्यवहार्य असेल तितकेंच, ही मर्यादा त्यांच्या संस्थेच्या व्याख्येंतच आहे.

दुग्धत्याग आपणांस सर्वस्वीं परका नाहीं. गोठ्यांतील गाईम्हशींच्या छळाचीं वर्णनें वाचून व्यथित झालेल्या गांधीजींनीं १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत दूध सोडलें. १९१८ च्या दुखण्यानंतर मात्र शक्ति येईना. व्रत घेतांना मनांत गाईम्हशीच होत्या, मग शेळीचें दूध कां नको, असें कस्तुरबांनीं सुचविलें आणि त्यांनीं तें घेतलें. व्रताचा शब्द राहिला, आत्मा गेला, ही बोचणी त्यांनीं आत्मचरित्रांत लपविलेली नाहीं.

'वात्सल्य' शब्द 'वत्सा'पासून निघाला, हें मीं वर्षानुवर्षें वर्गांत सांगितलें. आमच्या बालपणीं दारच्या गाईचा एक सड वासरासाठीं राखीत. आतां दूध पिशवींतून येतें. वासरूं कोणासच दिसत नाहीं. गाय व्याल्यावांचून दूध नाहीं, आणि ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला काम नाहीं. त्याचें पुढें काय होतें, हा नातीचा प्रश्न. मला उत्तर देतां आलें नाहीं. ब-१२ जीवनसत्त्वाची गोळी न चुकतां घे, एवढेंच मीं तिला बजावलें.

तिनें आणखी एक विचारलें, "तुमचें सोवळें कशाचें?" रेशमाचें. कोश उष्णतेनें शिजवितांना आंतला जीव मरतो, हेंही मीच मुलांना शिकविलें होतें. पूजेला बसतांना तें एकदाही आठवलें नाहीं.

रेशमी सोवळें आतां पेटींत आहे. पूजेला सुती धूतवस्त्र नेसतों. तूप मात्र मला अजून सुटलेलें नाहीं. नातीच्या भातावर सूनबाई तिळाचें तेल वाढते.